पुलाखालचे घारापुरीचे खांब

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही इंग्लंडच्या कंट्री हाऊसेसवर दोन पानी लेख छापलात, फोटो एकदम झकास होते, आमच्या हिने तर पान कापून फ्रीजवर लावलंय. पण त्यात एक चूक आहे ती आधी सांगतो आणि मग जे मनात साठलंय ते पण लिहितो, लांबलं तर कात्री लावा, तुमचा हक्कच आहे.

फोटोखाली छापलंय की ग्लॉस्टरशायरमधलं सेझिनकोट म्हणजे ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनची छोटी कॉपी. उलटं आहे हो. सेझिनकोटचं काम १८०५ च्या आसपास सुरू झालं, नंतर जो चौथा जॉर्ज झाला तो राजपुत्र १८०७ मधे तिथे येऊन बघून गेला, आणि ब्रायटनचे ते कांद्यासारखे घुमट १८१५ नंतर चढले. म्हणजे राजपुत्राने ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरदाराचं घर बघितलं आणि मग आपला महाल सजवला. एरवी आपण काय धरून चालतो, राजा आधी आणि त्याचं बघून बाकीचे. इथे गंगा उलटी वाहिली, आणि का वाहिली ते कळायला तुमच्या लेखात एक ओळ पण नाहीये. लेखात शब्द कुठले आहेत तर खानदानी, अभिरुची, शतकांचा वारसा. अहो सेझिनकोट बांधलं तेव्हा ते खानदान तिथे येऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती!

आम्ही गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे गेलो होतो, स्विंडनला असते ती, जावयाने एका गुरुवारी सुट्टी काढून आम्हाला तिथे नेलं. तिथले लोक सीझनकोट म्हणतात, आम्ही दोनदा सेझिनकोट म्हणून पत्ता विचारला तर समोरच्याला कळेचना. गाडी झाडीतून वळली आणि समोर हिरवा घुमट. तांब्याचा आहे, दोनशे वर्षांच्या पावसाने आपल्या देवघरातल्या न घासलेल्या तांब्यासारखा हिरवा पडलाय. कोपऱ्यांवर छत्र्या, खाली रुंद दगडी छज्जा, आणि ही म्हणते अहो हा तर हुमायूनचा मकबरा, फक्त मागे मेंढ्या चरतायत. आत शिरलात की मात्र सगळं ग्रीक, खांब ग्रीक, छत ग्रीक, हिंदुस्थानचं नाव नाही. बाहेरून मोगल आणि आतून अथेन्स. मला तर कोणी वरून सदरा घालून आत टाय लावल्यासारखं वाटलं.

पण खरी गंमत बागेत आहे. एक छोटा ओढा आहे, त्यावर पूल आणि पुलाच्या कठड्यावर नंदी. हिने सवयीने हात जोडले, मागून येणारी एक गोरी म्हातारी हसली. पुलाखालून ओढ्यात दगड टाकलेत, त्यावरून एकेक पाऊल टाकत पलीकडे जाता येतं, मी गुडघेदुखी विसरून उतरलो आणि खाली बघतो तर खांब ओळखीचे. जाड बुटके, वरती चेपलेल्या उशीसारखा गोल दगड. घारापुरी! शाळेच्या ट्रिपपासून आजपर्यंत पाच सहा वेळा तरी गेलोय मी तिथे, चूक होणं शक्य नाही. वर आल्यावर गाईडबाईंना विचारलं तर म्हणाल्या हो, एलिफंटा केव्ह्जवरूनच घेतलंय. गेटवे ऑफ इंडियावरून लाँचने तासाभरात पोचतो आपण तिथे, ते खांब सात हजार किलोमीटरवर एका पुलाखाली उभे, आणि वर कोणीतरी वेडिंग फोटोशूट करतंय.

पुण्याला परत आल्यावर मी महिनाभर हेच वाचत बसलो. मी तीस वर्षं बँकेत होतो, त्यातली अकरा फॉरेन एक्स्चेंजला, त्यामुळे कुठलीही मोठी बिल्डिंग बघितली की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो पैसे आले कसे. कोणाचे हा दुसरा. आणि ह्या घरांच्या बाबतीत "कसे" हाच जास्त मजेदार आहे असं माझं मत झालंय.

हे घर कॉकरेल कुटुंबाचं. थोरला जॉन हा कंपनीच्या फौजेत कर्नल, बंगालमधून परत येऊन त्याने १७९५ मधे ही इस्टेट घेतली आणि १७९८ ला वारला. इस्टेट गेली भावंडांकडे, चार्ल्स, सॅम्युएल आणि बहीण एलिझाबेथ. चार्ल्सने बाकी दोघांचे हिस्से विकत घेतले, म्हणजे आपल्या भाषेत हक्कसोड करून सात-बारा एकट्याच्या नावावर केला. आता बघा हां. घर कोणी डिझाईन केलं, तर भाऊ सॅम्युएलने, तो आर्किटेक्ट, आणि कंपनीचा सर्व्हेअर पण तोच. बहीण एलिझाबेथ कोणाला दिली, तर जॉन बेलीला, म्हणजे वॉरन हेस्टिंग्जच्या प्रायव्हेट सेक्रेटरीला. आणि हेस्टिंग्ज (हो तोच, सालबाईच्या तहाच्या वेळचा गव्हर्नर जनरल) तिथून काही मैलांवर डेल्सफर्डला घर बांधत होता, त्याचा आर्किटेक्ट कोण, परत सॅम्युएल कॉकरेल. चार्ल्सचा कलकत्त्यातला पार्टनर विल्यम पॅक्स्टन, त्याने वेल्समधे मिडलटन हॉल बांधला, आर्किटेक्ट? ओळखलंत तुम्ही. आपल्याकडे कसं एका बिल्डरचा साडू नगरसेवक, मेव्हणा सिमेंटचा डीलर आणि पुतण्या सीए असतो, अगदी तोच प्रकार, फक्त त्याला ते लोक कॉट्सवोल्ड्सचा, म्हणजे त्या सगळ्या भागाचा, वारसा म्हणतात.

हेस्टिंग्जचं पण सांगायला हवं. डेल्सफर्ड हे त्याच्या घराण्याचं जुनं गाव, १७१५ मधे हातातून गेलेलं. सात वर्षांचा असताना ओढ्याकाठी पडून त्याने ठरवलं म्हणे की हे परत घ्यायचं. १७८८ ला घेतलं. त्याच वर्षी पार्लमेंटमधे त्याच्यावर खटला उभा राहिला, तो चालला सात वर्षं, १७९५ ला सुटला पण वकिलांनी पार धुवून काढलं. इकडे कोर्टात हिंदुस्थानातल्या कारभाराचा पंचनामा चाललेला आणि तिकडे गवंडी त्याच्या घरावर काम करतायत. शेवटी कंपनीने वर्षाला ४००० पौंड पेन्शन बांधून दिलं तेव्हा निभावलं.

आता पैसे कसे आले ते. कंपनीच्या रायटरला, म्हणजे कारकुनाला, पगार वर्षाला ५ पौंड. पाच! त्या पगारात वीस वर्षांनी घुमट बांधून होत नाही. पैसा यायचा खासगी व्यापारातून, नजराण्यांतून, नवाबांना व्याजाने कर्ज देण्यातून, ठेक्यांतून. पण तो असायचा रुपयांत आणि कलकत्त्यात. तो पौंडात आणि लंडनमधे कसा करायचा हा मोठा डोकेदुखीचा विषय होता, कारण कंपनी स्वतःच्या हुंड्या एका मर्यादेपर्यंतच द्यायची. मग काहीजण डच नाहीतर फ्रेंच कंपनीमार्फत पाठवायचे, काही हिरे घेऊन जायचे कारण हिरा खिशात मावतो आणि लंडनला विकता येतो. आणि बाकीच्यांसाठी उभी राहिली एजन्सी हाऊसेस, म्हणजे खासगी पेढ्या. पॅक्स्टन हा कलकत्त्याच्या टाकसाळीत सोन्याचांदीचा कस बघणारा अधिकारी, त्याच्या ओळखीने लोक पैसे आणून ठेवायचे, पेढी ते पैसे नीळ, कापूस असल्या मालात घालायची, माल परदेशी विकायचा आणि ठेवीदाराला लंडनमधे पौंड द्यायचे, मधे आपलं कमिशन. चार्ल्स कॉकरेल ह्याच पेढीत. म्हणजे सेझिनकोट हे एकट्याच्या लुटीवर उभं नाहीये, शेकडो लोकांची कमाई मायदेशी पोचवायच्या कमिशनवर उभं आहे. आमच्या डेस्कवर गल्फमधून पैसे पाठवणाऱ्यांची लाईन लागायची ना, तसंच, फक्त उलट्या दिशेने आणि बिनहिशोबी. आणि योगायोग बघा, १९४४ मधे ते घर ज्याने घेतलं तो क्लाइनवर्ट पण बँकरच.

हे मी एवढं का सांगतोय तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी फोटो टाकले तेव्हा लगेच दोन मेसेज आले. एक, "काय मेंटेन केलंय, आपल्याला जमणार नाही." दुसरा, "सगळं आपल्याला लुटून." दोघांना अंगठे मिळाले भरपूर. मला दोन्हीचा वैताग येतो. पहिल्याला पैसा दिसत नाही आणि दुसऱ्याला लूट म्हटलं की पुढे काही बघावंसं वाटत नाही, कोणी, कुठून, कुठल्या खात्यातून.

लूट हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच उचललाय हे सगळ्यांना माहिती असतं, मोठ्या अभिमानाने सांगतात. मग मुर्शिदाबादचं पण सांगा की. १७४२ मधे नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत बंगालमधे शिरले, मराठी घोडेस्वार तिथल्या राजधानीत, मुर्शिदाबादेत घुसले आणि जगतशेठ ह्या सावकाराची कोठी धुतली. पुढे १७५१ ला वर्षाला १२ लाख चौथ ठरली तेव्हा कुठे थांबलं. बंगालमधे अजून पोरांना झोपवताना बर्गी आले म्हणतात, ते बर्गी म्हणजे आपण. माझ्या बंगाली विहिणीने (मुलीच्या सासूबाई) मला जेवताना हे ऐकवलं तेव्हा माझा घास अडकला होता.

त्याच मुर्शिदाबादला पुढे १७६५ मधे कंपनीतर्फे रेसिडेंट, म्हणजे नवाबाच्या दरबारातला प्रतिनिधी, म्हणून बसला फ्रान्सिस साईक्स. यॉर्कशायरचा साधा माणूस. तिथे रयतेवर माथोट नावाची जादाची पट्टी बसवून वसुली केली म्हणून इंग्लंडमधे त्याला लोक चिडवायचे स्क्वायर मटूट. त्याचं घर आम्ही बघितलंय, बर्कशायरमधलं बॅसिल्डन पार्क, आता नॅशनल ट्रस्ट ह्या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. १७७१ ला इस्टेट घेतली, १७७६ ला बांधायला काढलं, आर्किटेक्ट यॉर्कचा जॉन कार. फिकट पिवळसर दगड, समोर उंच खांब, आणि बाहेरून हिंदुस्थानचा लवलेश नाही, तो कॉकरेलसारखा हौशी नव्हता, त्याला फक्त जुन्या जमीनदारांसारखं दिसायचं होतं. मधला अष्टकोनी दिवाणखाना तो १८०४ ला मेला तरी पुरा झाला नव्हता. त्या भागात असे इतके लोक येऊन राहिले की बर्कशायरला इंग्लिश हिंदुस्थान म्हणायचे. नबाब हा शब्द बिघडवून नेबॉब केला तो ह्याच लोकांसाठी.

साईक्सची इलेक्शनची गोष्ट तर आपल्या लोकांना फार आवडेल. १७७४ ला शाफ्ट्सबरी नावाच्या गावातून तो आणि टॉमस रंबोल्ड (हा पण कंपनीवाला) उभे राहिले. मतदार जायचा एका घरात, दाराला भोक, भोकाच्या मागे पंच नावाच्या विदूषकाचं सोंग घेतलेला माणूस, आणि भोकातून पाकीट बाहेर, २० गिनी. देणारा कोण ते दिसायलाच नको! प्रकरण फुटलं, निवडणूक रद्द झाली, साईक्सला मोठा दंड बसला. रंबोल्डचं काही बिघडलं नाही, तो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि हर्टफर्डशायरमधे वुडहॉल पार्क बांधलं. ते नंतर घेतलं पॉल बेनफिल्डने, ज्याने अर्काटच्या नवाबाला कर्ज देऊन देऊन गबर होण्याचा विक्रम केला होता. तो पुढे बुडाला, पॅरिसमधे कंगाल होऊन मेला. ह्या लोकांना पार्लमेंटची सीट का हवी असायची तर कंपनीबद्दलचे कायदे तिथे व्हायचे, आपल्या पैशाची चौकशी लागली तर आपलाच माणूस आत असावा. जमीन, घर, सीट, आणि शेवटी सोयरीक. चार्ल्स कॉकरेल खासदार झाला, १८०९ ला बॅरोनेट (वंशपरंपरागत 'सर'), आणि त्याच्या आदल्या वर्षी दुसरं लग्न केलं ते शेजारच्या लॉर्ड नॉर्थविकच्या मुलीशी, माहेरचं आडनाव रशाऊट. तिच्या मुलाने पुढे कॉकरेल आडनावच टाकलं आणि रशाऊट लावलं. एका पिढीत कलकत्त्याची पेढी पुसली गेली आणि खानदान तयार. तुमच्या लेखातला "शतकांचा वारसा" असा बनतो.

सर्वात मोठी उडी पिट घराण्याची. थॉमस पिट हा मुळात कंपनीचा परवाना न घेता व्यापार करणारा, म्हणजे कंपनीच्या दृष्टीने स्मगलरच, पुढे कंपनीनेच त्याला मद्रासचा गव्हर्नर केलं. तिथे त्याने जमचंद नावाच्या व्यापाऱ्याकडून ४१० कॅरेटचा कच्चा हिरा ४८,००० पॅगोडांना (तिकडचं सोन्याचं नाणं) घेतला, साधारण २०,००० पौंड, आणि १७१७ ला फ्रान्सच्या रीजंटला, म्हणजे लहान राजाच्या वतीने कारभार बघणाऱ्याला, १,३५,००० पौंडांना विकला. त्याच वर्षी कॉर्नवॉलमधली बोकोनॉक इस्टेट घेतली. ओल्ड सेरम नावाची ओसाड टेकडी त्याने आधीच घेऊन ठेवली होती, राहणारं जवळपास कोणी नाही पण पार्लमेंटच्या दोन सीट्स. नातू विल्यम पिट तिथूनच पहिल्यांदा निवडून आला आणि पंतप्रधान झाला, पणतू पण पंतप्रधान, आणि त्या पणतूनेच १७८४ ला कंपनीला वेसण घालायचा इंडिया ॲक्ट आणला. हिरा आज पॅरिसच्या लूव्हर म्युझियमच्या संग्रहात आहे, पॉलिश होऊन १४० कॅरेटच्या आसपास उरलाय.

साखर आणि गुलामांच्या पैशावरची घरं हा वेगळाच विषय आहे, त्यात मी फार शिरत नाही. एकच आकडा देतो. यॉर्कशायरच्या हेअरवूड हाऊसचे लासेल्स, वेस्ट इंडीजवाले. गुलामगिरी बंद झाली तेव्हा सरकारने नुकसानभरपाई दिली, गुलामांना नाही, मालकांना. हेअरवूडच्या अर्लला १,२७७ माणसांचे २६,३०९ पौंड मिळाले. माणशी किती पडले ते मी कॅल्क्युलेटरवर काढलं आणि मग कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. एकूण वाटलेले २ कोटी पौंड, त्यासाठी काढलेलं सरकारी कर्ज कागदोपत्री पूर्ण फिटलं २०१५ मधे.

नॅशनल ट्रस्टने सप्टेंबर २०२० ला एक रिपोर्ट काढला, त्यांच्या ताब्यातल्या ९३ जागांचा वसाहतींशी किंवा गुलामगिरीशी संबंध आहे असा. केवढा गदारोळ झाला, आमच्या सुंदर घरांत राजकारण आणू नका म्हणून मेंबर चिडले, तक्रारी गेल्या, चौकशी झाली, त्यात ट्रस्टने काही नियम मोडलेला नाही असं निघालं. मला त्या चिडलेल्या लोकांचं नवल वाटलं नाही, आजोबांची वही कोणी उघडली की सगळेच चिडतात, आपल्याकडे तर बसेस जळतात. पण बॅसिल्डनला मी त्या स्वयंसेवक आजीबाईंना माथोटबद्दल विचारलं तर त्यांनी शांतपणे सांगितलं, लपवलं नाही काही. आपल्याकडे मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा बघायला गेलात तर पैसा कुठून आला हे सांगणारं कोणी भेटतं का बघा.

बरं, आता आपल्या पुण्याकडे येतो, कारण खरं पत्र त्यासाठीच आहे.

सेझिनकोटच्या पुलाखाली घारापुरी कशी पोचली? बाग आणि पूल ह्यात चार्ल्सचा सल्लागार होता थॉमस डॅनियल हा चित्रकार. हा १७९३ ला मुंबईत होता आणि तेव्हा त्याला घारापुरी, कान्हेरी, कार्ले दाखवत फिरला जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार. हा वेल्स पुण्यातला. म्हणजे पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट, त्याच्या आश्रयाने पेशव्यांच्या दरबारात काम करणारा. सवाई माधवराव आणि नाना फडणविसांचं जे चित्र आपण लहानपणापासून बघत आलोय ते ह्याच वेल्सचं. आणि त्याचा जोडीदार कोण, तर गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबट. पुण्याचा मराठी चित्रकार. शनिवारवाड्यात चित्रशाळा भरायची, गंगारामने वेरूळ, कार्ल्याची लेणी काढली, मोजमापं घेतली. वेल्स १७९५ ला वारला. त्याची वेरूळची चित्रं मॅलेटमार्फत डॅनियलकडे गेली आणि १८०३ ला डॅनियलने त्यावरून लंडनमधे मोठं पुस्तक काढलं. दोनच वर्षांनी सेझिनकोटचं काम सुरू. आता लिंक लागली ना?

ह्या मॅलेटचं कर्तृत्व म्हणजे १७९० चा तह. टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे. शनिवारवाड्यातल्या त्या दरबाराचं भलंमोठं चित्र वेल्सच्या स्केचेसवरून पुढे डॅनियलने १८०५ ला पुरं केलं, सोळा वर्षांचे पेशवे, नाना, मॅलेट, आणि मागे गणपती. ते आज लंडनच्या टेट म्युझियमकडे आहे. आणि टिपूवरच्या त्याच लढाईत बंगालहून जी पलटण चालत आली तिचा कमांडर होता कर्नल जॉन कॉकरेल, सेझिनकोट घेणारा थोरला भाऊ! हे वाचलं तेव्हा मी हिला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं, ती म्हणाली बरं मग. पण मला रात्री झोप लागेना. आपल्या वाड्यात तह झाला, त्या तहातल्या लढाईवर एक जण गेला, त्याने घर घेतलं, आणि वाड्यात शिकलेल्या चित्रकाराची लेण्यांची चित्रं दुसऱ्याच्या हातून त्याच सर्कलमधे फिरत राहिली.

मॅलेट १७९८ ला इंग्लंडला परतला, पुढच्या वर्षी वेल्सचीच मुलगी सुझाना हिच्याशी लग्न केलं आणि १८०३ मधे विल्टशायरमधे विल्बरी हाऊस विकत घेतलं. पुण्यात त्याची अंबर कौर नावाची बाई होती, तिच्यापासून मुलं होती. सुझानापासूनची आठ मुलं विल्बरीची. घर आज खासगी आहे, आत जाता येत नाही, आमच्या जावयाने नकाशात दाखवलं तेवढंच. मुंबईकरांसाठी पण एक आहे: वडगावचा तह ज्याने धुडकावला आणि ज्याच्या नावाचा हॉर्नबी व्हेलार्ड हा मुंबईतला बांध होता तो गव्हर्नर हॉर्नबी, त्याने हॅम्पशायरमधे हूक हाऊस बांधलं, मुंबईच्या गव्हर्नमेंट हाऊसवरून बेतलेलं असं सांगतात.

डॅनियलचं १८११ चं एक पत्र आहे चार्ल्सला. पुलावरचे नंदी तिथे ठेवावे की हलवावे ह्यावर खल चाललेला. डॅनियल लिहितो की साक्षात विश्वकर्म्याने जरी सेझिनकोटमधे डोकावलं तरी तो म्हणेल नंदी आहेत तिथेच राहू देत. विश्वकर्म्याचं नाव घेतलं, गंगारामाचं कोण घेणार. तुमच्या लेखात तर नाहीच, पण ह्या पुण्यात तरी कुठल्या चौकाला, कुठल्या आर्ट गॅलरीला त्याचं नाव आहे? असेल तर छापा, मी जाऊन हार घालून येतो. नसेल तर पुरवणीत एक पान त्याला द्या, फोटो मी सुचवतो.

ब्रायटनची दुरुस्ती मात्र नक्की छापा.

आपला,
एक निवृत्त बँकवाला, कोथरूड

ता. क. – गंगारामने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढलाय, १७९० सालचा. अमेरिकेत येलच्या म्युझियममधे आहे, त्यांच्या साईटवर फुकट बघता येतो. नातवाला दाखवला तर म्हणाला आजोबा हा तर पुण्याचा दिसत नाही. मी म्हटलं अरे गेंडा नसेल, काढणारा आहे.